तीन सिगार आणि साडेतीन मुहूर्त

मामाने डबा माझ्या हातात दिला तेव्हा त्यात तीन सिगार उरल्या होत्या. मूळच्या पंचवीस. "तू ठरव आता कधी ओढायच्या ते," मामा म्हणाला. "मला काही ते जमलं नाही."

मी सिगार ओढत नाही, सिगारेटही ओढत नाही. पण लहानपणापासून दर मे महिन्यात चिपळूणला गेलो की मी तो डबा बघायला मागायचो. पिवळा डबा, झाकणावर तलवारींचा त्रिकोण, आणि उघडला की येणारा वास. तो वास देवघरातलाही नव्हता आणि सुताराच्या दुकानातलाही नव्हता, पण दोन्हींच्या जवळचा होता. मामाला तेच आठवलं असणार.

डब्याच्या बुडाला 'क्यूबात बनवलेल्या, पूर्णपणे हाताने' अशा अर्थाचा स्पॅनिश शिक्का आहे आणि शेजारी चार अक्षरं आहेत: ओ, एस, एस, सी. मामाला त्याचा अर्थ कधी कळला नव्हता. मी शोधून काढला. त्या काळी क्यूबातले कारखाने डब्यावर तारीख उघड छापत नसत. 'निव्हेल अकुसो' या शब्दांत दहा वेगवेगळी अक्षरं आहेत. पहिल्या अक्षराला एक, दुसऱ्याला दोन, असं करत शेवटच्याला शून्य. त्या हिशोबाने ओ म्हणजे शून्य, एस म्हणजे नऊ आणि सी म्हणजे सात. शून्य नऊ, नऊ सात. सप्टेंबर १९९७. तेव्हा मी चार वर्षांचा होतो.

म्हणजे त्या सिगार आणि मी बरोबरच मोठे झालो. फरक इतकाच, की मी कधी 'तयार' होणार याची घरात कुणी वाट बघत नव्हतं.

*

मामा व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होता. जानेवारी १९९८ मध्ये त्याचं जहाज हवानाला लागलं. हे तसं दुर्मीळच. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे क्यूबात व्यापारासाठी गेलेल्या जहाजाला पुढचे १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवता-उतरवता येत नाही, त्यामुळे बऱ्याच कंपन्या तिकडे फिरकतच नाहीत. मामाच्या कंपनीचं जहाज फिरकलं आणि तिथून त्याने माँटेक्रिस्टो नंबर फोरचा डबा घेतला. करंगळीपेक्षा जाड, १२९ मिलिमीटर लांबीची साधी, आटोपशीर सिगार. क्यूबाच्या सर्वांत खपणाऱ्या सिगारपैकी एक. म्हणजे फार दुर्मीळ ऐवज वगैरे नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नावाचीही एक गोष्ट आहे. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक पद्धत आहे: कामगार ओळीने बसून सिगार वळत असतात आणि समोर उंच जागी बसलेला एक जण त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. अलेक्झांडर द्युमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ही कामगारांची फार लाडकी, आणि तिच्यावरूनच १९३५ मध्ये या सिगारला नाव मिळालं असं सांगतात. कादंबरीचा नायक न केलेल्या गुन्ह्यासाठी चौदा वर्षं अंधारकोठडीत काढतो. थांबण्याची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकाचं नाव थांबावं लागणाऱ्या वस्तूला मिळालं.

कारण सिगारला थांबावंच लागतं. तंबाखूची पानं आधी हवेशीर खोपटात टांगून वाळवतात. मग रास घालून आंबवतात. रास आतून तापते आणि अमोनिया बाहेर पडतो. झाडाच्या शेंड्याकडची जोरकस पानं तर वळायला घेण्याआधी दोन दोन वर्षं मुरवून ठेवतात. तरीही नव्या सिगारमध्ये आंबण्याची क्रिया थोडी चालूच राहते, म्हणून पहिले काही महिने तिला उग्र दर्प येतो. शौकीन लोक याला सिगारचं 'आजारपण' म्हणतात. ते सरलं की चव उघडते, कडवटपणा बसतो, वेगवेगळे वास एकमेकांत मिसळतात. मग पुढे कितीतरी वर्षं ती हळूहळू मवाळ होत जाते. आणि मग कधीतरी उतार लागतो. सुगंधी तेलं उडून जातात आणि उरतं ते फक्त जुनं पान.

हे सगळं डबा नीट ठेवला तर. हवेतला दमटपणा ६५ ते ७० टक्के हवा. कमी झाला तर पान तडकतं, वाढला तर बुरशी. उष्णता वाढली तर तंबाखूत लपलेली अंडी फुटतात आणि बारीक तपकिरी किडे सिगार आतून पोखरून टाचणीएवढ्या भोकांतून बाहेर पडतात. आणि हे सांभाळायचं कुठे, तर चिपळूणला. जिथे जुलैत पापडही दोन मिनिटांत मऊ पडतो.

मला सगळ्यात अवघड वाटली ती गोष्ट वेगळीच. सिगार तयार झाली आहे का हे कळायचा एकच मार्ग असतो, ती ओढणं. आंबा दाबून बघता येतो, वास घेता येतो. सिगार मात्र पेटवल्याशिवाय सांगत नाही, आणि पेटवली की संपते. पंचवीस असतात तेव्हा दर वर्षी एक ओढून अंदाज घेता येतो. तीन असतात तेव्हा नाही.

*

मामाने पहिली तीन वर्षं सिगार मोकळ्या हाताने वापरल्या. काही मित्रांना वाटल्या, काही स्वतः ओढल्या. एकदा सिंगापूरच्या बाहेर जहाज नांगर टाकून उभं असताना, मध्यरात्रीची पाळी संपल्यावर, त्याने आणि केरळच्या एका सहकाऱ्याने डेकवर बसून दोन ओढल्या. काही विशेष नव्हतं. वाढदिवस नव्हता, पगारवाढ नव्हती. पंप दुरुस्त झाला होता, इतकंच. त्या रात्रीची सिगार आजवरची सगळ्यात चांगली, असं मामा अजूनही सांगतो.

मग २००१ मध्ये त्याच्या लक्षात आलं की पाचच उरल्यात. तिथून मामा बदलला.

आता सिगार 'चांगल्या दिवसासाठी' झाल्या. ताईचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा, दहावीचा निकाल आला. चांगला दिवस होता, पण बारावी बाकी होती. बारावी झाली, पण अजून नोकरी लागायची होती. २ एप्रिल २०११ ला भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा मामाने एक सिगार बाहेर काढली, नाकाशी धरली, आणि परत ठेवली. "चौदा वर्षांची सिगार क्रिकेटवर कशी घालवायची?" निवृत्त झाला त्या दिवशी त्याचा मूड नव्हता. ताईच्या लग्नात पाहुणे तीनशे आणि सिगार पाच. २०१९ च्या उन्हाळ्यात दोन सिगारना भोकं पडलेली दिसली. तीन उरल्या.

हे ऐकून तुम्हाला मामा कंजूष वाटेल. तसा तो नव्हता. या यादीकडे मी पुष्कळ दिवस बघत होतो तेव्हा मला त्यातली मेख दिसली. मामा थांबला ही त्याची चूक नव्हती. पण थांबण्याचे दोन प्रकार असतात आणि त्याने ते एकमेकांत मिसळले.

एक असतं वस्तूचं थांबणं. सिगारचा दर्प जायला वेळ लागतो, लोणचं मुरायला लागतो, नवा तांदूळ जुना व्हायला लागतो. या थांबण्याला शेवट असतो. लोणचं मुरलं की मुरलं. दुसरं असतं आपलं थांबणं, योग्य दिवसासाठी. याला शेवट नसतो, कारण या थांबण्याची किंमत वस्तूवर चढत जाते. चार वर्षांची सिगार दहावीच्या निकालाला चालली असती. चौदा वर्षांच्या सिगारला विश्वचषकही हलका वाटला. एकोणीस वर्षांच्या सिगारसमोर पोटच्या मुलीचं लग्न अपुरं पडलं. मामा जितका थांबला तितका सिगारचा मान वाढला, आणि मान वाढला तितकी तिला साजेशी होण्याची दिवसांची ऐपत कमी झाली. बाजारात मिळणारी एक साधी सिगार नुसत्या वाट बघण्याने घरातली सगळ्यात मोठी वस्तू होऊन बसली.

मराठीत यावर म्हण आहेच: खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. आपण ती हट्टी माणसासाठी वापरतो. पण खरा उपाशी राहतो तो तूप राखून ठेवणारा.

मला हसू नका, पण हे मला पहिल्यांदा कळलं ते व्हिडिओ गेममध्ये. शाळेत असताना मी जे गेम खेळायचो त्यात जखम भरून काढणारी औषधं मिळायची. मी ती कधी वापरली नाहीत. शेवटच्या लढाईला लागतील म्हणून साठवत गेलो. शेवटच्या लढाईत वाटलं की याच्याही नंतर काहीतरी असेल. गेम संपला, पडद्यावर नावं सरकायला लागली, आणि माझ्या पिशवीत चाळीसेक बाटल्या तशाच. वाटेत तीन वेळा मेलो होतो. खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे अशी एक पिशवी असते.

मोठ्या माणसांच्याही पिशव्या असतात. फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबाशी व्यापार बंद करण्याच्या हुकमावर सही करण्याआधी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी त्यांचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना बोलावून सांगितलं, उद्या सकाळपर्यंत मला हजारएक क्यूबन सिगार हव्यात. सॅलिंजर यांनी बाराशे गोळा केल्या. मगच सही झाली. ही हकिकत खुद्द सॅलिंजर यांनीच पुढे लिहिली. यातल्या दुटप्पीपणावर लोक हसतात. मी मात्र हिशोब करत बसलो. रोज एक ओढली तर बाराशे सिगार तीन वर्षांहून जास्त पुरतात. केनेडींकडे त्या दिवशी एकवीस महिने होते.

*

इथे कुणी म्हणेल, मग सोपं आहे, आजच ओढून टाकायची, उद्याचं कुणी बघितलंय? रील्सवर दिवसातून दहा वेळा हे ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. जानेवारी १९९८ मध्येच मामाने सगळ्या सिगार ओढल्या असत्या तर बराचसा अमोनियाच ओढला असता. आणि मामाच्या पिढीने 'आज'च जगून घेतलं असतं तर ताई शिकली नसती आणि चिपळूणचं घरही उभं राहिलं नसतं. राखून ठेवणं म्हणजे उद्यावर विश्वास ठेवणं. तो विश्वास चांगलाच आहे. 'आत्ताच घ्या' असं सांगणाऱ्याला बहुतेक वेळा आपल्याला काहीतरी विकायचं असतं.

माझी आजी, मामाची आई, रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. घरभर खाट उठायचा. तिने कधी मिश्री चांगल्या दिवसासाठी राखून ठेवली नाही. तंबाखूच ती, फक्त तिला डबा नव्हता, शिक्का नव्हता, तारीख नव्हती. शेवटी त्या मिश्रीने तिच्या हिरड्या खाल्ल्या. 'रोजचं सुख रोज घ्यावं' हे सांगताना मला तिचं तोंड आठवतं आणि मी गप्प बसतो. सिगारचंही तसंच. धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं, आणि तोंडाचा, घशाचा कर्करोग डब्यावरचा शिक्का बघून येत नाही. एका अर्थी मामाच्या चालढकलीने त्याचा फायदाच केला. हा विनोद मामानेच केलेला आहे.

राखून ठेवण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी पुष्कळ उशिरा विचारली: राखत कोण होतं?

मामा वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. डबा एका मोठ्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, माजघरात सगळ्यात गार कोपऱ्यात. आत साबणाच्या डबीत स्पंजचा तुकडा. तो डिस्टिल्ड वॉटरने ओला ठेवायचा, नळाच्या पाण्याने बुरशी येते. पावसाळ्यात स्पंज काढून टाकायचा, दिवाळीनंतर परत ठेवायचा. हे सगळं मामीने केलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेल्या पाण्यातलं थोडं ती बाजूला काढून ठेवायची. जवळजवळ पंचवीस वर्षं. तिने एकदाही सिगार ओढली नव्हती आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मामीने पोटमाळ्यावर तीन गोष्टी चढवल्या. घराची कागदपत्रं, दागिने आणि तो स्टीलचा डबा. तिच्या लग्नातला शालू खालच्या कपाटात राहिला. दोनदा नेसलेला शालू. एकदा लग्नात, एकदा ताईच्या बारशाला. मग 'उगाच खराब होईल' म्हणून मलमलीत गुंडाळून ठेवलेला. चार दिवसांनी मी पुण्याहून पोचलो तेव्हा तो अंगणात दोरीवर होता. चिखलाने जर काळी पडली होती आणि घडीवर तो फाटत होता. मामी म्हणाली, "नेसून नेसून फाटला असता तर वाईट वाटलं नसतं."

मी तिला विचारलं, शालू सोडून डबा का उचललास? ती म्हणाली, "तो ह्यांचा होता ना."

आपण काहीतरी राखून ठेवतो तेव्हा त्याचं ओझं बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं. ज्या कामगाराने सिगार वळली, ज्या बाईने पंचवीस वर्षं स्पंज ओला ठेवला, त्यांनी आपलं काम वेळेवर केलं होतं. फक्त शेवटच्या माणसाने आपलं केलं नव्हतं.

*

पुराच्या पुढच्या वर्षी मामीच्या लक्षात आलं की आमटी करपली तरी शेजारच्या खोलीत बसलेल्या मामाला कळत नाही. आधी वाटलं कोविडचं काहीतरी असेल. मग उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात वासाची जाणीव फार आधी जाते, कधी कधी हात थरथरायच्याही कित्येक वर्षं आधी.

म्हणजे ती केव्हा गेली? २०१९ मध्ये, किडे लागले तेव्हा? २०१६ मध्ये, लग्नात? विश्वचषकाच्या रात्री त्याने सिगार नाकाशी धरली होती तेव्हा वास येत होता, हे तो शपथेवर सांगतो. त्यानंतर कधीतरी एक दिवस असा आला की ज्या दिवशी सिगार ओढायला मामा शेवटचा योग्य होता. त्या दिवशी काय वार होता, मामाने काय जेवलं, कुणालाच माहीत नाही. तो दिवस बाकीच्या दिवसांसारखाच उजाडला आणि मावळला.

सिगारच्या चवीतला मोठा भाग म्हणजे वासच. आपण इतकी वर्षं फक्त सिगारचं वय मोजत होतो. सिगार चढत चढत एका टोकाला जाते आणि मग उतरते, हे सगळे शौकीन जाणतात, त्यावर ग्रंथ लिहितात. पण ओढणाऱ्यालाही असाच एक चढ आणि उतार असतो. त्याच्या तळाला तारखेचा शिक्का नसतो, गुप्त अक्षरांतही नसतो.

मामाला मी एकदा सरळ विचारलं, खरंच का नाही ओढलीस? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डबा भरलेला होता तोवर वाटायचं, अजून काहीतरी मोठं व्हायचंय. ओढली असती तर म्हणावं लागलं असतं, की झालं ते हेच."

मला वाटतं, आपल्या सगळ्यांच्या न वापरलेल्या वस्तूंच्या मागे हे वाक्य आहे. चांगली वही कोरी राहते, कारण कोरी आहे तोवर तिच्यात काहीही लिहिलं जाऊ शकतं. पाहुण्यांच्या कपबश्या काचेमागे राहतात, कारण खरे पाहुणे अजून यायचेत. ती वस्तू म्हणजे पुढे काहीतरी उत्तम येणार असल्याची पावती असते. ती वापरली की पावती फाडावी लागते. म्हणून आपल्याला वस्तू संपण्यापेक्षा आशा संपण्याची जास्त भीती वाटते.

*

डबा माझ्याकडे आल्यावर मीही तेच करायला लागलो. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत कपाटाच्या वरच्या कप्प्यात डबा ठेवला, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मागवलं, आणि विचार करू लागलो: माझं प्रमोशन? स्वतःचं घर? दोन महिने गेले. मग एक दिवस आई फोनवर म्हणाली की दसऱ्याला गाडी घ्यायची असेल तर बुकिंग आत्ताच कर, मुहूर्त बघायला नको. आणि मी तिथेच थांबलो.

आपल्याकडे मुहूर्ताचं केवढं प्रस्थ. तिथी, नक्षत्र, योग, सगळं जुळवून योग्य क्षण शोधायचा. पण ज्यांनी हे शास्त्र उभं केलं त्यांनाच बहुधा कळलं असावं की माणूस शोधतच राहील. म्हणून वर्षात साडेतीन मुहूर्त ठेवले: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा. या दिवशी पंचांग उघडायचं नाही. दिवस पुरेसा चांगला आहे का, हा प्रश्नच विचारायचा नाही. ग्रहांवर माझा विश्वास नाही. पण या योजनेत माणसाची फार खोल ओळख आहे. योग्य दिवस सापडत नसतो, तो आधी ठरवून टाकायचा असतो, आणि मग आला की मागेपुढे न बघता त्याला मान द्यायचा असतो. दिवस सिगारच्या तोलाचा आहे का हे मामा बघत राहिला. खरं तर सिगार पेटली असती म्हणून तो दिवस मोठा झाला असता. सिंगापूरच्या बाहेरच्या त्या रात्री तेच झालं होतं. पंप दुरुस्त झाला होता, इतकंच.

१२ ऑक्टोबर २०२४ ला दसरा होता. मी डबा घेऊन चिपळूणला गेलो.

संध्याकाळी पडवीत बसलो. मामाचे हात थरथरत होते, म्हणून टोक मी कापलं. लायटर नको, त्याचा वास लागतो, काडेपेटी घे, असं तो म्हणाला. मी काडी सरळ लावायला गेलो तर ओरडला, "अरे जाळतोयस काय! आधी ऊब दे तिला." इंजिनरूममधला आवाज होता तो. मी सिगार फिरवत फिरवत पेटवली. मामाने एक झुरका घेतला, धूर तोंडात धरला, सोडला. मान हलवली. "काही नाही. गरम हवा." मग सिगार माझ्याकडे दिली. "तू सांग कशी आहे."

मी झुरका घेतला. आणि मला घाम फुटला, तंबाखूने नव्हे. कारण सिगार साधी होती. फिकी. सुकं लाकूड, जुन्या वहीचा पुठ्ठा, आणि खूप मागे काहीतरी. मला सिगारमधलं कळत नाही, पण तेव्हढं कळत होतं की हिचा काळ होऊन गेलाय. समोर मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. सत्तावीस वर्षं. काय सांगायचं? 'अप्रतिम' म्हणणं किती सोपं होतं. पण अप्रतिम म्हणालो असतो तर मी त्याला सांगितलं असतं की तू फार मोठ्या गोष्टीला मुकलास. आणि खोटंही बोललो असतो, त्या माणसाशी ज्याच्याकडे खरं तपासायचा मार्गच उरला नव्हता. जो तपासू शकतो त्याच्याशी खोटं बोलणं वेगळं. जो नाही, त्याचे डोळे नाहीतर नाक आपण झालेलो असतो. तिथे खोटं बोलायची सोय नाही.

"विझल्यासारखी आहे रे मामा," मी म्हणालो. "लाकूड, पुठ्ठा. पण थांब, शेवटी गोडसर काहीतरी येतंय."

"गोडसर म्हणजे कसं? काकवीसारखं?"

"नाही. भाजलेल्या काजूच्या जवळचं."

"म्हणजे पूर्वी यायचं तेच." तो मागे टेकला. मग हसायला लागला. "दहा-पंधरा वर्षं उशीर झाला म्हण की. बरं झालं. मला वाटत होतं मी एकटाच म्हातारा झालोय."

पुढचा अर्धा तास मी झुरका घ्यायचो आणि सांगायचो, मामा विचारायचा, दुरुस्त करायचा. पुठ्ठा म्हणालो तर "कोरडा की दमट?" मधेच तो मला न विचारता सिंगापूरच्या त्या रात्रीचं सांगायला लागला, पंपाचा कुठला व्हॉल्व्ह होता इथपासून. सिगार माझ्या तोंडात होती पण चव त्याच्याकडून येत होती. मामी आतून आली, उभी राहिली आणि म्हणाली, "द्या बघू इकडे." एक झुरका घेतला, खोकली, डोळ्यांत पाणी आलं. "ह्याच्यासाठी मी बॅटरीचं पाणी घालत होते?"

आम्ही तिघं इतके हसलो की शेजारचे डोकावले.

*

दुसरी सिगार बलिप्रतिपदेला ताई आल्यावर संपली. तिला ती आवडली नाही, अर्धी विझवली, आणि कुणाला वाईट वाटलं नाही. सिगार परत एक साधी सिगार झाली होती. तिसरी माझ्याकडे पुण्यात आहे, झिपच्या पिशवीत. पिशवीवर मार्करने एक तारीख लिहिली आहे. तारीख पुढे ढकलायचा मोह होतो, खोटं कशाला सांगू? होतो तेव्हा मी तो शालू आठवतो.

डबा मामीने मागून घेतला. त्यात आता तिचे सुई-दोरे, बटणं आणि मोजपट्टी असते. दुपारी ती तो उघडते तेव्हा शेजारी मामा बसलेला असतो.

"वास येतो अजून?" तो विचारतो.

"येतो."

"कसला?"

आणि ती डबा नाकाशी धरून, जरा विचार करून, त्या दिवशी जो येत असेल तो सांगते.